द हार्डर दे कम

जमैकातील गुन्हेगारीपट (१९७२). दिग्दर्शक पेरी हेन्झेल (१९३६–२००६). पटकथा हेन्झेल व नाटककार ट्रेव्हर रोन यांची. नायक आयव्हनहो मार्टिनच्या भूमिकेत गायक जिमी क्लिफ. जमैकन कलावंतांनी जमैकातच घडवलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. चित्रीकरण १६ मिमी. फितीवर झाले. ५ जून १९७२ रोजी किंग्स्टनच्या कॅरिब चित्रगृहात पहिला खेळ झाला, तेव्हा लोटलेली गर्दी आवरणे अवघड झाले होते. पडद्यावर आपली पात्वा बोली आणि आपल्या वस्त्या तिथल्या प्रेक्षकांना त्याआधी क्वचितच भेटल्या असतील.

खेड्यातून किंग्स्टनला आलेल्या आयव्हनला गायक व्हायचे आहे. सायकलीवरून झालेल्या भांडणात तो चाकू चालवतो आणि शिक्षा म्हणून फटके खातो. त्याच्या गाण्याचे सर्व हक्क निर्माता हिल्टन अवघ्या वीस डॉलरांत घेतो. पुढे गांजाचा व्यापार, पोलिसांचे खून, फरारीपण; आणि नायक पोलिसांपासून पळत असतानाच त्याचे गाणे शहरभर वाजू लागते.

नायकाचे मूळ हा चर्चेचा विषय आहे. व्हिन्सेंट ‘आयव्हनहो’ मार्टिन ऊर्फ रायगिन हा लिनस्टेडकडचा गुन्हेगार १९४८ मध्ये किंग्स्टनच्या तुरुंगातून निसटला, पोलिसांशी चकमकी करत काही महिने फरारी राहिला आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला लाइम के या छोट्या बेटावर मारला गेला. त्याचा जन्म साधारणपणे १९२४ च्या सुमारास धरतात. दोन्ही हातांत पिस्तुले घेतलेली त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. आयव्हन तशीच छायाचित्रे काढून घेतो तो चित्रपटातील प्रसंग त्यांवरूनच घेतलेला दिसतो. नाव, ही ऐट आणि बेटावरचा शेवट एवढ्या साम्यावरून चित्रपटाला रायगिनचे चरित्र म्हणण्याची प्रथा आहे. मात्र अंतर्गत पुरावा वेगळे सांगतो. आयव्हन चित्रगृहात ‘जँगो’ हा इटालियन वेस्टर्न पाहतो, आणि तो चित्रपट १९६६ चा. रेगे हा संगीतप्रकारही १९६८ च्या सुमारास रूढ झाला. १९४८ च्या जमैकात लोकप्रिय होते ते मेंटो हे लोकसंगीत. ध्वनिमुद्रणाचा धंदा आणि गांजाची साखळी हे कथानकाचे दोन्ही आधार रायगिनच्या हकिकतीतले नाहीत. त्यामुळे कथा १९७० च्या आसपासच्या किंग्स्टनची असून जुन्या दंतकथेचा तिला सांगाडा दिला आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चित्रपटापेक्षा त्याचा गीतसंच दूरवर पोहोचला. बारा मुद्रणांत प्रत्यक्ष गाणी दहाच. शीर्षकगीत आणि ‘यू कॅन गेट इट इफ यू रिअली वाँट’ ही दोन पुन्हा येतात. यातील बहुतेक गाणी चित्रपटासाठी रचलेली नव्हती. डेझमंड डेकर यांचे ‘००७ (शँटी टाउन)’ १९६७ चे, म्हणजे रॉकस्टेडी या रेगेच्या लगेच आधीच्या जमैकन संगीतप्रकाराच्या काळातले. टूट्स अँड द मेटल्सचे ‘स्वीट अँड डँडी’ आणि क्लिफ यांचे ‘मेनी रिव्हर्स टू क्रॉस’ १९६९ ची. मेलोडियन्सचे ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ १९७० चे. त्याचे शब्द मुख्यतः बायबलमधील १३७ व्या स्तोत्रावरून घेतलेले आहेत. (पुष्कळांना हे गाणे ठाऊक असते ते बोनी एम.च्या १९७८ च्या आवृत्तीतून. मूळ मुद्रणातील प्रार्थनेचा संथपणा तिच्यात उरलेला नाही.) स्कॉटी यांचे ‘ड्रॉ युअर ब्रेक्स’ हे कीथ अँड टेक्सच्या जुन्या ‘स्टॉप दॅट ट्रेन’वर बेतलेले. ही निवड म्हणजे रॉकस्टेडीकडून रेगेकडे होणाऱ्या स्थित्यंतराचा छेदच होय, आणि तिचे टिकाऊपण मुख्यतः त्यात आहे.

किमान निम्मी गाणी चिनी-जमैकन निर्माते लेस्ली काँग यांच्या ‘बेव्हर्लीज’ या ध्वनिमुद्रण संस्थेची आहेत. काँग ऑगस्ट १९७१ मध्ये वारले. आपल्या मुद्रणांना लाभलेली ही कीर्ती त्यांना पाहता आली नाही. क्लिफ यांच्या प्रसिद्धीच्या झोतात त्यांचे नाव मागे पडते, हे अन्यायाचे आहे. चित्रपटात टूट्स अँड द मेटल्स स्टुडिओत ‘स्वीट अँड डँडी’ गाताना दिसतात. खेड्यातील लग्नाचे ते गाणे आयव्हन दारातून ऐकत उभा असतो. संगीत आणि कथा इतकी एकजीव झालेली दुसरी जागा चित्रपटात नाही.

ध्वनिमुद्रिका आयलंड रेकॉर्ड्सने काढली. अमेरिकेत चित्रपट १९७३ मध्ये रॉजर कॉर्मन यांच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला. सुरुवातीचा प्रतिसाद बेताचाच होता. पुढे मध्यरात्रीच्या खेळांतून, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या ऑर्सन वेल्स चित्रगृहात, त्याला निष्ठावंत प्रेक्षक मिळाला. अनेक अमेरिकन श्रोत्यांची रेगेशी पहिली ओळख या ध्वनिमुद्रिकेने करून दिली. मायकेल थेलवेल यांनी कथेवर १९८० मध्ये कादंबरी लिहिली, तर २००६ मध्ये लंडनच्या थिएटर रॉयल स्ट्रॅटफर्ड ईस्टने संगीतिका रंगमंचावर आणली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही ध्वनिमुद्रिका राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०२० च्या यादीत समाविष्ट केली. ती यादी मार्च २०२१ मध्ये जाहीर झाली.