जपानी क्रियापदांच्या तक्त्यामागची वर्णमाला

जपानी शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे लवकरच ‘काकु’, म्हणजे लिहिणे, या क्रियापदाची रूपे येतात: काकानाइ, काकिमासु, काकु, काकेबा, काकोओ. यांत ‘क’ला आ, इ, उ, ए, ओ हे स्वर ज्या क्रमाने लागतात, तोच क्रम काना या जपानी अक्षरलिपीच्या तक्त्याचाही आहे आणि त्याचे मूळ भारतीय वर्णमालेत आहे.

मंत्रोच्चार शुद्ध राहावेत म्हणून जपानी बौद्ध भिक्षू संस्कृत लिहिण्याची सिद्धम् लिपी शिकत. 806 साली चीनमधून परतलेल्या कूकाइ या भिक्षूने संस्कृत ग्रंथही सोबत आणले होते. या अभ्यासाच्या प्रभावाने अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी अक्षरांची मांडणी स्वरांनुसार होऊ लागली. ओळींचा क्रम आरंभी निरनिराळा आढळतो. पुढे तो आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा स्थिरावला. मराठी वाचकाला यात ‘च’च्या जागी आलेला ‘सा’ आणि ‘प’च्या जागी आलेला ‘हा’ खटकेल. प्राचीन काळी ‘सा’चा उच्चार ‘त्सा’ किंवा ‘चा’च्या जवळचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘हा’चा मूळ उच्चार तर ‘पा’ असाच मानला जातो. तो दोन्ही ओठांतून फुंकल्यासारखा ‘फा’ होऊन अखेर ‘हा’ झाला. शब्दाच्या मध्ये मात्र त्याचा ‘वा’ झाला, आणि म्हणूनच वाक्याचा विषय दाखवणारा ‘वा’ हा पार्टिकल, म्हणजे शब्दाला जोडून येणारा छोटा अव्ययासारखा शब्द, आजही ‘हा’ या अक्षराने लिहितात. 1946च्या लेखनसुधारणेत शब्द साधारणपणे उच्चाराप्रमाणे लिहायचे ठरले, तरी हा पार्टिकल जुन्याच अक्षरात राहिला.

क्रियापदांचे वर्ग याच तक्त्यावर बसवण्याचे मोठे काम मोतोओरि हारुनिवा यांनी केले. तरुणपणीच दृष्टी गेलेल्या या पंडिताचा क्रियारूपांवरील ग्रंथ 1808 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडणीत ‘काकु’सारखी क्रियापदे चार पायऱ्यांची, म्हणजे तक्त्यातल्या पाचपैकी चार स्वर घेणारी, होती, कारण ‘काकोओ’ हे रूप तेव्हा ‘काकाउ’ असे लिहीत आणि ते ‘आ’च्या पायरीवरच मोजले जाई. 1946 नंतर ते ‘ओ’ने लिहिले जाऊ लागले आणि शाळेच्या व्याकरणात पाचवी पायरी आली, म्हणजे केवळ लेखन बदलल्याने व्याकरणातला वर्ग बदलला! परदेशी विद्यार्थ्यांच्या अनेक पुस्तकांत या वर्गाला नुसते ‘पहिला गट’ म्हणतात, त्यामुळे या पायऱ्या त्यांच्या सहसा नजरेस पडत नाहीत.