तोफा उतरवल्यानंतरची ‘आसाही’

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदलाची गोष्ट निघाली की ‘यामातो’ ही महाकाय युद्धनौका आणि विमानवाहू जहाजांचीच चर्चा होते. मोडलेली जहाजं ओढून आणणाऱ्या, बुडालेली वर काढणाऱ्या, डागडुजी करून परत लढायला पाठवणाऱ्या जहाजांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. ‘आसाही’ त्यांतलीच एक. फरक एवढाच, की ती जन्माने अस्सल युद्धनौका होती.

स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत बांधलेली, सुमारे १५ हजार टनांची ही नौका १९०० मध्ये जपानी नौदलात दाखल झाली. मे १९०५ मध्ये रशियन ताफ्याशी झालेल्या त्सुशिमा लढाईत ॲडमिरल तोगोंच्या ‘मिकासा’ या ध्वजनौकेपासून धरून रांगेत ती चौथी होती. ब्रिटिश निरीक्षक कॅप्टन पॅकनम तिच्या डेकवर वेताच्या खुर्चीत बसून टिपणं घेत होते. शेजारीच गोळा फुटला आणि अंगभर रक्ताचे शिंतोडे उडाले. तेव्हा ते खाली जाऊन स्वच्छ पांढरा गणवेश चढवून परत खुर्चीत येऊन बसले, असं सांगतात.

१९२२ च्या वॉशिंग्टन करारानं मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा आणली. ‘आसाही’च्या तोफा आणि चिलखत उतरवलं गेलं. त्याच सुमारास नौदलाला दुसरीच विवंचना लागली होती. ऑगस्ट १९२३ मध्ये ७० क्रमांकाची पाणबुडी कोबेजवळ चाचणीतच बुडाली आणि मार्च १९२४ मध्ये सासेबोजवळ ‘तात्सुता’ क्रूझरच्या धडकेनं ४३ क्रमांकाची तळाशी गेली. आत अडकलेल्यांशी वरून टेलिफोनवर बोलता येत होतं, पण त्यांना बाहेर काढता आलं नाही. पाणबुड्या वर काढण्याचं काम मग ‘आसाही’कडे आलं. पहिल्या महायुद्धानंतर वाट्याला आलेली एक जुनी जर्मन पाणबुडी घेऊन १९२५ मध्ये ‘आसाही’ने बचावाचे प्रयोग केले. बॉयलर बदलल्यानं ‘आसाही’चा वेग मात्र १८ नॉटवरून (ताशी सागरी मैल) १२ वर आला. हे पुढे महागात पडलं असावं.

चीनशी युद्ध पेटल्यावर तिचं तरंगत्या वर्कशॉपमध्ये रूपांतर झालं. शत्रूला भुलवायला लाकडी तोफाही बसवल्या होत्या! सिंगापूर पडल्यावर ती तिथे गेली. एप्रिल १९४२ मध्ये ख्रिसमस बेटाजवळ टॉर्पेडो लागलेली ‘नाका’ क्रूझर ओढत आणली गेली, तिची दुरुस्ती ‘आसाही’नेच केली.

मे महिन्यात ‘आसाही’ जपानमधल्या कुरे बंदराकडे निघाली. सोबतीला पाणबुडीविरोधी एक लहानशी नौका. २५ मेच्या रात्री, आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यापलीकडे, अमेरिकी पाणबुडी ‘सॅमन’चे दोन टॉर्पेडो लागले आणि ती उलटली. बहुतेक खलाशी वाचले.

मागे उरली ती व्यापारी जहाजं बदलून केलेली काही दुरुस्ती-जहाजं, आणि मुद्दाम याच कामासाठी बांधलेलं एकुलतं एक ‘अकाशी’. तसली आणखी बांधायचे बेत कागदावरच राहिले. पॅसिफिकमधल्या त्रुकच्या तळावर ‘अकाशी’नं ‘यामातो’ची तात्पुरती दुरुस्तीही केली. ३० मार्च १९४४ रोजी पालाऊमध्ये अमेरिकी विमानांनी तेही बुडवलं.