रॉबिन्सच्या हेडरने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली?

मँचेस्टर युनायटेडचे चाहते ही गोष्ट ३० हून जास्त वर्षं रंगवून सांगत आलेत: ७ जानेवारी १९९० ला एफए कपच्या (इंग्लंडमधील बाद फेरीची फुटबॉल स्पर्धा) तिसऱ्या फेरीत युनायटेडच्या मार्क रॉबिन्सने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध हेडरने (डोक्याने) गोल केला नसता, तर संघाचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांना नारळ मिळाला असता.

गोल खरा, १-० चा विजयही खरा. नारळाचं तेवढं खरं नाही. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर स्पष्ट सांगितलंय की, सामना हरलो असतो तरी फर्ग्युसन यांना काढणार नव्हतो.

अर्थात आवई उठायला कारणं होती. सप्टेंबर १९८९ मध्ये युनायटेडने मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा सपाटून मार खाल्ला होता, आणि लीगमध्ये शेवटी १३ वा क्रमांक आला. पण त्याच मोसमात अंतिम फेरीच्या रिप्लेमध्ये (पुन्हा खेळवलेल्या सामन्यात) क्रिस्टल पॅलेसला हरवून संघाने कप जिंकला आणि कहाणीला फिल्मी शेवट मिळाला. (तिथला एकमेव गोल ली मार्टिनचा, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते!)

आणि हो, फर्ग्युसन खेळाडू म्हणून सुमार होते असं म्हणतात, तेही साफ चूक. १९६५-६६ च्या मोसमात स्कॉटलंडच्या डनफर्मलिन क्लबकडून ३१ गोल करून ते स्कॉटिश लीगच्या गोलयादीत संयुक्त अव्वल होते.