दाद मागण्याचा अधिकार

एखादे प्रकरण न्यायालयात नेण्याची कायदेशीर पात्रता. ‘लोकस स्टँडाय’ ही तिची लॅटिन संज्ञा; वकील तिला नुसते ‘लोकस’ म्हणतात. तक्रार खरी की खोटी हे पुढचे. आधी प्रश्न येतो, ‘यात तुमचा संबंध काय?’

भारतात ब्रिटिश काळापासून रुळलेला नियम असा, की ज्याच्या हक्काला बाधा पोहोचली त्यानेच दाद मागावी. हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडीतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्यासाठीची याचिका, हा जुना अपवाद: कोठडीतला माणूस स्वतः येऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसरा कोणी अर्ज करतो. नियमाची कडक बाजू जसभाई देसाई प्रकरणात दिसते. प्रतिस्पर्ध्याला नवे चित्रपटगृह काढण्यासाठी मिळालेल्या ना-हरकत प्रमाणपत्राला गुजरातमधील एका चित्रपटगृहाच्या मालकाने आव्हान दिले. धंद्यात स्पर्धक आला, एवढ्याने कोणी ‘बाधित’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

त्याच सुमारास, 1976 मध्ये, मुंबईच्या नागदेवी भागातील हार्डवेअर दुकानांतल्या कामगारांच्या बोनसचा वाद आला. कामगारांच्या वतीने त्यांची संघटना लढू शकते, असे न्या. कृष्णा अय्यर यांनी मान्य केले. 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालाने दार खऱ्या अर्थाने उघडले. गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे ज्यांना न्यायालय गाठता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीही प्रामाणिक नागरिक येऊ शकतो. साधे पत्रही चालेल. जनहित याचिकेचा पाया तो हाच.

पण या तत्त्वाची खरी ताकद डी. सी. वाधवा प्रकरणात कळते. वाधवा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बिहार सरकारने 1967 ते 1981 या काळात 256 अध्यादेश काढले आणि विधिमंडळाला बगल देत पुनःपुन्हा जारी केले, काही तर जवळजवळ चौदा वर्षे जिवंत ठेवले, हे त्यांनी अभ्यासातून उघड केले. त्यांना याचिकेचा अधिकारच नाही, असा आक्षेप सरकारने घेतला. न्यायालयाने तो फेटाळला: राज्यघटनेनुसार केलेल्या कायद्यानेच आपल्यावर राज्य व्हावे, असा आग्रह धरणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. 1986 च्या या निकालात वाधवांना दहा हजार रुपये खर्चही देवविला गेला.

फौजदारी कायद्यात ही अडचण मुळातच कमी. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी केलेल्या फिर्यादीत, कायद्याने वेगळे सांगितले नसेल तर फिर्याद कोणीही देऊ शकतो, हे 1984 मध्ये स्पष्ट झाले.

सैल झालेल्या नियमाचा गैरफायदाही भरपूर घेतला गेला. प्रसिद्धीसाठी वा वैर साधण्यासाठी केलेल्या याचिकांना लगाम घालावा म्हणून 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना नियम करायला सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाचे नियम त्याच वर्षीचे. नोकरीतील बढती-बदलीच्या वादांत जनहित याचिका एरवी चालत नाही.