मास्कने मुलांचा ऑक्सिजन कमी होतो का?

कोरोनाच्या काळात व्हॉट्सॲपवर फिरलेला एक समज अजून अनेक घरांत पक्का आहे: मास्क लावला की मुलांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ऑक्सिजन घटतो. हे चुकीचे आहे. या वायूंचे रेणू कापडाच्या छिद्रांतून सहज आरपार जातात. मास्क अडवतो ते बोलताना-खोकताना उडणारे थेंब.

'जामा पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात जून २०२१च्या अखेरीस मात्र उलट दावा करणारा एक लेख आला. मोजमापाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप निघाले आणि जुलैमध्येच नियतकालिकाने तो मागे घेतला. ही दुसरी बातमी पालकांपर्यंत पोहोचायला हवी होती.

मग पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, असे भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये का सांगितले? इतक्या लहान मुलांना तो नीट वापरता येत नाही, म्हणून. दोन वर्षांखालच्या बाळाला तर लावूच नका. गुदमरले तरी त्याला तो स्वतः काढता येत नाही. सहा ते अकरा वयात मोठ्यांची नजर हवी.

खरी काळजी घ्यायची ती इथे. शेंबडाने, लाळेने भिजून नाकाला चिकटलेल्या मास्कमधून श्वास घ्यायला जड जाते, तो लगेच बदला. मानेमागे बांधायच्या नाड्या टाळा, फास बसू शकतो. झोपताना आणि पळापळी खेळताना मास्क काढूनच ठेवा. मुलाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.