एली म्हणजे इलियट पेज नव्हे

'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेममधली चौदा वर्षांची एली अभिनेते इलियट पेज यांनी साकारली, असं आजही अनेकजण ठामपणे सांगतात. ते चूक आहे. एलीचा आवाज, तिच्या हालचाली, तिचं चिडणं, हसणं हे सगळं अ‍ॅशली जॉन्सन या अभिनेत्रीचं काम आहे.

गैरसमजाला कारण मात्र आहे. डिसेंबर 2011 च्या पहिल्या ट्रेलरमधला एलीचा चेहरा पेज यांच्याशी फार जुळत होता. 2012 मध्ये गेम बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीने तो बदलून जॉन्सनच्या जवळ नेला. त्यात भर म्हणजे 'द लास्ट ऑफ अस' आला त्याच वर्षी, 2013 मध्ये, 'बियाँड: टू सोल्स' हा गेम आला आणि त्यात पेज खरोखरच होते! दोन्ही गेम प्लेस्टेशन 3 चे, त्यामुळे लोकांच्या डोक्यात गल्लत झाली.

जॉन्सन काही नवखी नव्हती. 1990 पासून 'ग्रोइंग पेन्स' मालिकेत ती लहानग्या क्रिसीच्या भूमिकेत होती. एली मात्र जन्मलीच कॉर्डिसेप्स बुरशीने जग कोसळल्यावर. तिची कथा बॉस्टनच्या क्वारंटाइन झोनमधून सुरू होते, लष्कराच्या पहाऱ्यात. सिनेमे, साधं घर या गोष्टी तिला फक्त ऐकून ठाऊक. हे कुतूहल आणि त्यामागची भीती जॉन्सनने आवाजात इतकी नेमकी पकडली, की 2014 मध्ये तिला या भूमिकेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. असं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होणं मला खरोखर खटकतं. याच गेमवरच्या 2023 च्या टीव्ही मालिकेत तर एलीची आई, अ‍ॅना, जॉन्सननेच केली.