समुद्री गोगलगायींचा शोध व छायाचित्रण

स्कूबा डायव्हिंग करताना बिनशंखाच्या रंगीत समुद्री गोगलगायी हुडकून त्यांचे फोटो काढण्याचा छंद. यांतल्या बहुतेक गोगलगायी न्यूडिब्रँक गटातल्या असून त्या गटात सुमारे ३,००० जाती आहेत. अळी असताना त्यांना इवलासा शंख असतो. मोठे होताना तो गळून पडतो. मग रक्षण होते ते विषारी किंवा बेचव द्रव्यांनी, आणि भडक रंग त्याचाच इशारा देतात. ‘स्पॅनिश डान्सर’ ही जात ४० सेंमी.पर्यंत वाढते, पण बऱ्याच जाती बोटाच्या पेराएवढ्या, काही तर तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात.

गोगलगाय शोधायची तर आधी तिचे अन्न शोधावे. डोरिड प्रकारातल्या पुष्कळ जाती स्पंज खातात, तेही ठरावीकच. एओलिड गोगलगायी हायड्रॉइड या झुडपासारख्या दिसणाऱ्या, दंश करणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या झुपक्यांवर चरतात आणि भक्ष्याच्या दंशपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या बोटांसारख्या टोकांत साठवतात. खडकावर गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गुंडाळलेली अंड्यांची फीत दिसली, तर आसपासचा हातभर भाग निरखून पाहावा. एका खडकापाशी अर्धा तास थांबणाऱ्याला जे दिसते, ते पूर्ण प्रवाळखडक पालथा घालणाऱ्याला दिसत नाही.

पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते; १० मीटरवर लालभडक गोगलगायही काळपट भासते. म्हणून स्ट्रोब (पाण्यातला फ्लॅश) किंवा टॉर्च लागतो, आणि इवल्या गोगलगायींसाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स लागते. कॅमेरा आणि गोगलगाय यांच्या मधल्या पाण्यातला गाळ प्रकाशात चमकतो, तेव्हा होईल तितके जवळ जावे. फोकस डोक्यावरच्या दोन शिंगांवर, म्हणजे राइनोफोरवर धरावा. गोगलगाय त्यांनीच वास घेते. समोरून, तिच्याच पातळीवरून घेतलेला फोटो देखणा येतो. जात ओळखायला मात्र पाठ आणि कल्ले स्पष्ट दिसणारा, वरून घेतलेला फोटोही हवा. काही जाती तेवढ्यानेही ओळखू येत नाहीत. त्यांचे दात किंवा डीएनए तपासावे लागतात.

पाण्यात स्थिर तरंगता येत नसेल, तर कॅमेरा बोटीतच ठेवावा. पायातल्या फिनच्या (वल्ह्यासारख्या पट्ट्याच्या) एका फटक्याने गाळ उठतो, प्रवाळ मोडतो. चांगल्या पार्श्वभूमीसाठी गोगलगाय उचलून दुसरीकडे ठेवणे तर अक्षम्यच: तिचे अन्न तुटते आणि फोटोतली माहितीही खोटी ठरते.

अशा फोटोंचे मोल ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट स्टीफन्समध्ये दिसले. तिथल्या नेल्सन बे येथे भरती पूर्ण होऊन पाणी थबकले की डायव्हर उतरतात. सदर्न क्रॉस विद्यापीठाचे स्टीव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१३ मध्ये तिथे ‘सी स्लग सेन्सस’, म्हणजे समुद्री गोगलगायींच्या गणनेचा उपक्रम, सुरू झाला. हौशी डायव्हरांनी फोटो काढायचे आणि अभ्यासकांनी जाती ठरवायच्या, अशी त्याची पद्धत. उष्ण पाण्यातल्या जाती दक्षिणेकडे सरकत असल्याचे ज्या नोंदींवरून दिसले, त्यांत अशा फोटोंचाही वाटा आहे.

भारतात सागरी जीवशास्त्रज्ञ दीपक आपटे यांनी लक्षद्वीपमधल्या समुद्री गोगलगायींची नोंद केली. मुंबई-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर मोठ्या ओहोटीला, डबक्यांत वाकून पाहिले तर काही जाती डायव्हिंगशिवायही दिसतात. तिथे मोबाइलचा कॅमेराही पुरतो. उलटवलेला दगड मात्र पुन्हा होता तसाच ठेवावा, कारण अंडी बऱ्याचदा त्याच्या खालच्या अंगाला असतात.